पांढऱ्याचा मान आणि ताटाचा हिशेब

मृगाचा पाऊस पडला की चार-आठ दिवसांत बदलापूर स्टेशनाबाहेर, अंबरनाथच्या बाजारात आणि उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या रस्त्यांच्या कडेला ठाकर-कातकरी बाया पाट्या मांडून बसतात. पाटीत शेवळाच्या जुड्या असतात आणि शेवळाची खाज मारायला सोबत मूठभर काकडं. पुढे पाऊस वाढेल तसा टाकळा येतो, कुरडू येते, भारंगी, कोळी, फोडशी येते, मग कंटोली. लोकलमधून उतरलेली शहरातली मंडळी थांबतात, घासाघीस करतात, पण भाजी घेऊन जातात. या भाजीला खत नाही, औषध नाही आणि ती पुढच्या वर्षापर्यंत पुन्हा दिसणार नाही, हे त्यांना आता कळून चुकले आहे.

त्याच स्टेशनावर माल उतरवून गावाकडे परतणाऱ्या आपल्या शेतकरी भावाच्या पिशवीत डोकावून पाहा. टोस्ट आणि बिस्किटांचे पुडे, पोरांसाठी तळलेल्या कुरकुरीत पुड्यांची माळ, दोन किलो साखर, पामतेलाची पिशवी. भाजी विकून आलेल्या पैशाचा मैदा आणि साखर होऊन घरी जातो. पिकवणाऱ्याच्या घरात पिकवलेले शिजत नाही, ही गोष्ट गंमत म्हणून सोडून देण्यासारखी राहिलेली नाही.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, शेतमालाच्या भावाचा हिशेब आपण बैठकाबैठकांतून मांडत आलो. आज घरातल्या ताटाचा हिशेब मांडू. तो मांडायला कोणा मोठ्या तज्ज्ञाची गरज नाही. तराजू आणि थोडा खरेपणा असला तरी पुरे.

काळे ते गरिबाचे

आपल्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्टीत दोन पिढ्यांपूर्वी वरकस जमिनीवर नाचणी, वरी पिकत असे. भात खाचरात, नाचणी माळावर आणि भात कापल्यावर त्याच खाचराच्या ओलीवर वाल. घरात भाकरी नाचणीची, तांदूळ हातसडीचा, कालवण वालाचे किंवा सुकटीचे. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर वलगणीचे मासे. पोट भरायला पुरे पडत होतेच असे नाही. श्रावण-भादव्यात कणगीचा तळ दिसे, हे विसरून जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण जे काही ताटात पडत होते, ते एकमेकाला पुरे करणारे होते.

मग काळ्याची लाज वाटू लागली. काळी भाकरी कातकऱ्याची, पांढरा भात पाहुण्यांचा. पांढरा तांदूळ, पांढरा मैदा, पांढरी साखर. घरात पांढरे जितके जास्त तितके घर वरचे, असा मान ठरून गेला. त्याला सरकारी धोरणाचाही हातभार लागला. हमीभावाच्या यादीत नाचणी होती, पण जिल्ह्यात खरेदीचा काटा लागत आला तो प्रामुख्याने भातासाठी. रेशनवर आला तो तांदूळ आणि गहू. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. प्राधान्य कुटुंबाला त्यानुसार माणशी पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. उपाशी घराला त्याचा आधार मोठा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पण फुकटचा तांदूळ दारात आल्यावर माळावर नाचणी लावण्याचे कष्ट कोण कशाला घेईल? नाचणीची रोपे लावणे, निंदणे, कणसे खुडणे, झोडपणे ही सगळी बायांची कामे. त्यांच्या कष्टाला भाव नाही म्हणून नाचणी गेली, हे अर्धे कारण. उरलेले अर्धे आपल्या मनातले आहे.

आता हिशेब पाहा. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम असते. तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. गिरणीत पांढऱ्याशुभ्र केलेल्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमही भरत नाही. तांदळाचा कोंडा काढून टाकला की त्याच्याबरोबर ब जीवनसत्त्वही जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टराने सडलेल्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले; कोंडा असलेला तांदूळ घातल्यावर त्या बऱ्या झाल्या. बेरीबेरीचे कोडे सोडवण्याच्या या कामासाठी त्याला १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपण मात्र तो कोंडा गिरणीत सोडून येतो आणि पुढे शक्तीच्या गोळ्या विकत घेतो.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले. त्यानंतर शहरातल्या दुकानांत नाचणीची बिस्किटे, नाचणीचे चिवडे आले. शहराला काळ्याचा मान कळला, हे बरेच झाले. तरी त्या पुड्याची मागची बाजू वाचावी. कायद्याने घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरे पामतेल आणि नाचणी चौथी असेल, तर ते नाचणीचे बिस्किट नव्हे, नाचणीचे नाव घेतलेले मैद्याचे बिस्किट.

पाच माणसांचे घर

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. दिवसाला दोन हजार उष्मांक लागणाऱ्या माणसाचे ताट त्यांनी असे मांडले आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तिळासारख्या तेलबिया आणि सुका मेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. मीठ पाच ग्रॅमच्या आत, साखर २५ ग्रॅमच्या आत. चिखलणी-लावणीच्या दिवसांत राबणाऱ्याला यापेक्षा जास्त धान्य लागेल, लहान पोराला कमी. पण ढोबळ हिशेबाला हे माप चांगले आहे.

पाच माणसांच्या घराला महिन्याचे गुणून पाहा. तेल चार किलो, म्हणजे साडेचार लिटरच्या आत. साखर पावणेचार किलोच्या आत, आणि त्यात चहा, बिस्किटे, मिठाई सगळे आले. मीठ पाऊण किलो. त्यात पापड, लोणचे, सुकी मासळी यांतलेही धरायचे. कडधान्ये मात्र जवळजवळ तेरा किलो. आणि भाजी रोजची दोन किलो.

आपल्या घरांत हे माप नेमके उलटे पडते. साखर आणि तेल मापाच्या बाहेर, डाळ तीन-चार किलो, भाजी चमचाभर आणि ताटात डोंगरासारखा भात. डाळ महाग आहे, हे खरे. तेरा किलो डाळ विकत घेणे पुष्कळ घरांना जमणार नाही. मासे, अंडी, मटण खाणाऱ्यांनी डाळीचा काही वाटा त्यातून भरून काढावा. पण पैसे नाहीत म्हणून डाळ नाही, असे म्हणण्याआधी दुसरा एक हिशेब करू. दोन पोरांना रोज दहा-दहा रुपयांचा एकेक पुडा. दिवसाचे वीस, महिन्याचे सहाशे, वर्षाचे सात हजारांवर. या पैशांत अंडी किती येतील, शेंगदाणे-फुटाणे किती येतील, हे आपल्या गावच्या दुकानात भाव विचारून प्रत्येकाने स्वतः काढावे. पुड्यात काय असते? मैदा किंवा बटाट्याचा स्टार्च, पामतेल, मीठ, साखर आणि रंगीत कागद. पोराची भूक मरते आणि वाढ होत नाही. मग आपण म्हणतो, पोरगं जेवतच नाही.

शेवटी जेवणारी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालकांच्या अंगात रक्त कमी आढळले. शंभरातल्या चौपन्न बाया. बैठकीला आलेल्या मायबहिणींकडे नजर टाका आणि आकडा मनात धरा. निम्म्याहून जास्त.

याची कारणे काही केवळ गरिबीत नाहीत. घरातली बाई सगळ्यांना वाढून मग बसते. तेव्हा भात उरलेला असतो, कालवण उरलेले नसते. तव्यावरचे खरवडून, मिठाशी किंवा चटणीशी ती जेवण उरकते आणि वर कपभर चहा घेते. चहातला तुरटपणा अन्नातल्या लोहाला धरून बसतो, ते अंगी लागू देत नाही. म्हणजे जे थोडे पोटात गेले, तेही वाया. यावरचा उपाय फुकट आहे: जेवणात आणि चहात तासभराचे अंतर ठेवावे. उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळावे. आवळा, कैरी, पेरू जे मिळेल ते जेवणाबरोबर खावे. आंबटातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. नाचणीला, वालाला मोड आणावेत. भाजी लोखंडी कढईत करावी. आणि सगळ्यांत मोठा उपाय म्हणजे सगळ्यांनी एका वेळी जेवायला बसावे. हे काम बाईचे नाही, बाप्याचे आहे. त्याने पाटावर बसल्यावर, "तू पण घे, मग मी सुरू करतो," एवढे म्हणायचे आहे.

उल्हासनगरचे एक भांडे

चांगले खायला पैसाच लागतो, असे म्हणणाऱ्यांनी उल्हासनगरकडे पाहावे. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली सुमारे एक लाख माणसे कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आणून ठेवली गेली. गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत अनेक कुटुंबे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव दिले. घर गेले, जमीन गेली, पण बायांच्या हातातली साई भाजी गेली नाही. पालक, चुका, शेपू, चण्याची डाळ, असतील त्या दोन-तीन भाज्या, सगळे एका भांड्यात शिजवायचे, घोटायचे आणि भाताबरोबर वाढायचे. एका भांड्यात डाळ आली, पाला आला, आंबट आले. तेलाचा खर्च चमचाभर, जळण एका वेळचे. पोषणाच्या पुस्तकात जे शोधून लिहितात, ते या माउल्यांनी निर्वासितांच्या छावणीत रोज करून दाखवले. आपल्या शेताच्या बांधावर पाला आहे, घरात वालाची डाळ आहे. शेजाऱ्याकडून एवढे शिकण्यात कमीपणा नाही.

नाल्याकाठचा पाला

पालेभाजी खा म्हटले, तर कोणती, हा प्रश्न या तिन्ही गावांत विचारावाच लागतो. लोकलच्या खिडकीतून रुळांच्या कडेला पालक, लाल माठ, मुळ्याचे हिरवेगार वाफे वर्षानुवर्षे दिसत आले. त्यांना पाणी कुठले? बहुतेक ठिकाणी शेजारच्या नाल्याचे. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी पुढे कारखाने आणि वस्त्यांचे सांडपाणी पोटात घेत उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. तिच्या पाण्याचा रंग आणि वास ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना जास्त सांगायला नको. अशा पाण्यावरच्या भाजीवरचे जंतू स्वच्छ धुऊन, नीट शिजवून मारता येतात. शिसे, कॅडमियम यांसारखे धातू पानाच्या आत उतरलेले असतात. ते धुऊन जात नाहीत, शिजवून मरत नाहीत. आणि हे धातू फळभाजीपेक्षा पालेभाजीत जास्त उतरतात. तिथे राबणारा माणूसही पोटासाठीच राबतो, त्याच्यावर राग धरू नये. पण भाजी घेताना "कुठली आहे?" हे विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

हाच प्रश्न उद्या आपल्याला विचारला जाईल, हेही ध्यानात ठेवावे. घरासाठी एक वाफा बिनफवारणीचा आणि बाजारासाठी दुसरा, असे आपल्यातले काही करतात. काल फवारले आणि आज तोडले, असेही होते. औषधाच्या डब्यावर फवारणी आणि तोडणी यांमधले दिवस छापलेले असतात. ते पाळले नाहीत, तर नाल्याकाठच्या पाल्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. २०११ च्या शिरगणतीत उल्हासनगर पाच लाखांवर, अंबरनाथ अडीच लाखांवर आणि बदलापूर पावणेदोन लाखांच्या घरात होते. आज ही संख्या कितीतरी वाढली असणार. नऊ लाखांहून अधिक तोंडांचा बाजार आपल्या उंबऱ्यावर आहे. त्याला विश्वासाचा माल हवा आहे. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले, ते गावच्या नावावर विश्वास आहे म्हणून. (जांभूळ जरूर खावे, मात्र त्याच्या बियांच्या भुकटीच्या भरवशावर साखरेच्या आजाराची गोळी कोणी बंद करू नये.)

बैठकीपुढे तीन गोष्टी

पहिली गोष्ट वालाची. भात कापल्यावर आपली खाचरे मोकळी पडतात, कारण गुरे मोकाट सुटतात. एकट्याने वाल पेरला तर तो गावच्या गुरांचा चारा होतो. यावर औषध एकट्याकडे नाही, गावाकडे आहे. वाल हाती येईपर्यंत गुरे राखणीवर ठेवायची, हे गावाने भात कापायच्या आधी बसून ठरवावे. खाचराच्या ओलीवर, बिनपाण्याने आलेला वाल घरच्या महिन्याच्या तेरा किलोंतला मोठा वाटा भरून काढील आणि उरलेला बाजारात जाईल. १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला गेला, तेव्हा त्यात सीताशेती होती: घरधनिणीच्या हातात जमिनीचा एक तुकडा, तिच्या मर्जीने पिकवायचा. तो तुकडा किती घरांत तिला मिळाला, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. नसेल दिला, तर या पावसाळ्यात दोन गुंठे द्यावेत: नाचणी, वांगी, शेवगा, अळू, लिंबाचे एक झाड.

दुसरी गोष्ट गिरणीची. भात भरडायला नेल्यावर गिरणीवाल्याला सांगावे, पॉलिश कमी मार. तांदूळ थोडा तांबूस दिसेल, शिजायला थोडा वेळ लागेल, फार दिवस टिकणार नाही. म्हणून थोडा-थोडाच भरडून आणावा. भाताची पेज ओतून देऊ नये. पाहुण्यांना काय वाटेल, ही चिंता सोडावी. पाहुण्यांच्या घरीही औषधाच्या बाटल्या आहेतच.

तिसरी गोष्ट आपल्या बैठकीची. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव, परत चहा, हा आपला रिवाज. इथून पुढे ज्या गावात बैठक असेल, त्या गावाने नाचणीची भाकरी, वालाचे बिरडे आणि हंगामातली रानभाजी करावी. शेवळे, टाकळा ठाकरवाडीतल्या बायांकडून रोख पैसे देऊन घ्यावीत. कोणता पाला केव्हा खुडायचा आणि कसा शिजवायचा, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. रानातला ओळखीचा नसलेला पाला कोणी परस्पर तोडून आणू नये. आणि वाढप पुरुषांनी करावे, बायांची पंगत आधी बसावी.

भाताला भाव काय, असे आपल्यातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारले तरी तो सांगेल. घरच्या बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन किती, हे विचारले तर? बारा ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त कमी. पोटुशी असेल तर अकराच्या खाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबभर रक्तावर हे तपासून मिळते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या घरातला हा आकडा चिठ्ठीवर लिहून आणावा. नावे नकोत, नुसते आकडे. त्यांची बेरीज बैठकीत फळ्यावर मांडू आणि वाल घरात येईल तेव्हा पुन्हा मोजू.